औषधाचं पाकीट

आमच्या घरचा महिना सात पाकिटांत मावतो. लोकांच्या लग्नपत्रिकांची पाकिटं मी टाकून देत नाही. वरचं ‘मंगल परिणय’ खोडते आणि खाली लिहिते: किराणा, गॅस, वीज, शाळा, येणं-जाणं, औषध, अडचण. माझे मिस्टर, प्रेमानंद, कोराडीला ठेकेदाराकडे कामाला आहेत. मी शहरात, सदरमध्ये, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. एवढ्याशा दोन पगारांत घर चालतं ते माझ्या पाकिटांमुळे, हे मी दहा जणींना तरी ऐकवलं असेल. नियम एकच, एका पाकिटातले पैसे दुसऱ्या पाकिटासाठी काढायचे नाहीत.

औषधाचं पाकीट सासूबाईंकडे. दिवाळीच्या महिन्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्या महागल्या, आठशेत भागलं नाही, आणि त्यांनी गॅसच्या पाकिटातून पन्नास रुपये घेतले. मला ते सिलिंडर आल्यावर कळलं. गाडीवाला दारात उभा होता, शेजारीण गॅलरीतून बघत होती. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

“आई, विचारल्याबिगर गॅसच्या पाकिटाले हात काहून लावला? असंच कराचं असंन तर पाकिटं ठेवाची कायले?”

“चुकलं वं माय,” त्या म्हणाल्या. पदर सावरत तिथेच उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. म्हटलं, घराला शिस्त लागते आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे बसून पाकिटं उघडतो. ज्याच्या पाकिटात पैसे उरतील त्याच्या आवडीचं जेवण, आणि उरलेली रक्कम ‘अडचण’मध्ये. डिसेंबरात औषधाच्या पाकिटात दीडशे रुपये उरले. माझ्या नऊ वर्षांच्या पायलनं टाळ्या वाजवल्या. जेवायला काय करू विचारलं, तर आईंनी पाटोडीचा रस्सा सांगितला. तो पायलला आवडतो.

जानेवारीत पुन्हा उरले. “मेडिकलवाला सूट देते आता,” आई म्हणाल्या. ज्या पाकिटात दर महिन्याला उरतं, त्यात आपण जास्त भरतोय, हा माझा साधा हिशोब. फेब्रुवारीपासून मी औषधाचे सहाशे केले. तरीही उरले. मार्चमध्येही उरले. माझी सासू म्हणजे अर्थमंत्री आहे, असं मी दुकानात सांगत सुटले.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी चहा पिताना आईंच्या उजव्या हातातून कप गळाला. उचलायला वाकल्या आणि तिथेच बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्ही त्यांना ऑटोत घालून धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. पंधरा हजार आधी भरा म्हणाले. मी पर्समधून अडचणीचं पाकीट काढलं आणि भरले.

“तुह्या पाकिटानं वाचवलं वं आज,” प्रेमानंद म्हणाले. आई आत लकव्यानं पडलेल्या, आणि मी काउंटरपाशी छाती फुगवून उभी होते. आज ते आठवलं की मला माझी शिसारी येते.

डॉक्टरांनी विचारलं, “बीपीच्या गोळ्या रोज घेत होत्या का?”

“एक दिवस चुकला नाही,” मी ठणकावून सांगितलं. “पैसे मी स्वतः काढून ठेवते.”

त्यांनी कागदावरचा बीपीचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. “गोळ्यांची स्ट्रिप घेऊन या,” एवढंच म्हणाले.

मी घरी गेले. आईंच्या खाटेखालची पेटी ओढली. औषधाच्या पाकिटाखाली बिलं होती, मीच शिकवल्याप्रमाणे सेफ्टी पिनेत ओवलेली. नोव्हेंबरात बीपीच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप. डिसेंबरात दोन. फेब्रुवारीत एक. मार्चमध्येही एकच. महिन्याला दहा गोळ्या. शेजारी त्यांची सुपारीची डबी होती. उघडली तर आत अर्ध्या गोळ्या, अडकित्त्यानं कातरलेल्या. चुरा झालेला, तोही टाकला नव्हता, कागदात बांधून ठेवला होता.

पैसे कमी पडले असते तर मी बिलं मागितली असती. उरत होते, म्हणून एकदाही बघितली नाहीत. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

दवाखान्यात परत आले आणि डबी प्रेमानंदांच्या हातात दिली. “माह्यामुळं झालं हे,” म्हटलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक अर्धी गोळी बोटानं उचलली आणि परत डबीत ठेवली.

“मले बी नाही सांगतलं तिनं,” ते म्हणाले. मग हळूच, “तुले भेत होती वं आई. आमी सगळेच भेतो.”

उजव्या हातात पुन्हा ताकद येईल का, ते डॉक्टर सांगत नव्हते. तिसऱ्या दिवशी आईंना थोडं गिळता यायला लागलं. सिस्टरनं गोळी आणि चमच्यात पाणी आणलं. आईंनी डाव्या हातानं गोळी घेतली, पण तोंडात टाकली नाही. माझ्यापुढे धरली. जीभ जड झाली होती, तरी शब्द मला कळला.

“अर्धी.”

“पूर्ण घ्या, आई.”

त्यांनी नकारात मान हलवली. बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. “आज... रविवार हाय नं,” म्हणाल्या.

महिन्याचा शेवटचा रविवार होता, पाकिटं उघडायचा. मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, चमचा ओठाला लावला. त्यांनी पाणी घेतलं, पण गिळलं नाही. मी “गिळा” म्हणेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या.