खरखरीत पान

“आधी पाटी वाचा, मग करवत लावा,” मुकादमाने खालून आवाज दिला. “लॉरिफोलिया. तीच वेल काढायची आहे. दुसरीला धक्का लागला तर माझ्याशी गाठ आहे.”

“चिंधी बांधलेल्या वेलीला हात लावू नका रे,” झाडू घेतलेली मावशी म्हणाली.

“मावशी, तुम्ही पाला गोळा करा. इथे साहेबांचा कागद चालतो, चिंधी नाही.”

शिडीवरच्या माणसाने वाकून पाटी वाचली आणि मान डोलावली. अक्षरं बागेच्या जुन्या पेंटरच्या हातची होती. बारा वर्षं झाली तरी पांढरा रंग कुठे उडाला नव्हता.

पेंटर तेव्हा फाटकातून आत येत होता. निवृत्त झाल्यावर तो बागेकडे फिरकला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून तर घराबाहेर पडणंच कमी झालं होतं. सकाळी किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, बागेतली एक निळी वेल फार माजली आहे, शेजारच्या झाडांचा गळा आवळते आहे, आज तोडणार. पिशवी दुकानातच ठेवून तो निघाला होता.

कमानीच्या दोन खांबांवर दोन वेली. दोन्हींची फुलं फिकट निळी, कर्ण्यासारखी. शेजारी शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं सांगता येऊ नये. पाट्या लावायच्या दिवशी तो फुलंच बघत बसला होता. जेवायची वेळ झाली होती, पोटात कावळे ओरडत होते. त्याने एक पाटी इकडे लावली, एक तिकडे.

बायको तेव्हा बागेच्या रोपवाटिकेत होती. फांद्या कापून रोपं तयार करायचं काम तिच्याकडे होतं. हात पुसत ती आली आणि म्हणाली, “अहो, पाट्या उलट्या लागल्यात. फुलावर जाऊ नका, पान चाचपून बघा. रुंद, खरखरीत, कडेला दात असलेलं, ती ग्रँडिफ्लोरा. लांबट, गुळगुळीत, ती लॉरिफोलिया.”

चार माणसं उभी होती. तो म्हणाला, “दोन यत्ता शिकलेली बाई मला नावं शिकवणार! पाट्या मी रंगवतो की तू?”

सगळे हसले. तीही थोडीशी हसली.

पुढच्या हंगामात साहेबांनी ग्रँडिफ्लोराची पन्नास रोपं करायला सांगितली. तिने खरखरीत पानाच्या वेलीच्या फांद्या कापल्या. साहेबांनी पाटीशी ताडून पाहिलं आणि चुकीची वेल कापली म्हणून तिला सगळ्यांसमोर झापलं. ती म्हणाली, पाटी चुकली आहे. साहेबांनी पेंटरला बोलावून विचारलं, “पाटी बरोबर आहे का?”

“बरोबर आहे, साहेब,” तो म्हणाला.

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिला रोपवाटिकेतून काढून रस्ते झाडायला लावलं. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. भाजीत मीठही नेहमीइतकंच होतं. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. त्यानेही नाही. अंथरुणाला खिळेपर्यंत ती झाडतच राहिली.

करवत वेलीच्या खोडाला लागली.

“थांबा,” पेंटर म्हणाला. धावल्यामुळे त्याला दम लागला होता. “ती नाही. दुसरी.”

“अरे पेंटर! आज कुठे वाट चुकलात?” मुकादम हसला. “पाटी तर तुमचीच आहे.”

“पाट्या उलट्या आहेत.”

“उलट्या? कुणी केल्या?” मुकादमाने डोकं खाजवलं. “वहिनींनीच झाडता झाडता बदलल्या असतील. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण वेलींच्या बाबतीत त्यांचा गोंधळच होता. तेव्हा नाही का...”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उत्तर द्यायला ती येणार नव्हती. साहेबांपुढेही त्याला एवढंच करावं लागलं होतं.

“मी,” तो म्हणाला. “मीच लावल्या उलट्या. तिने तेव्हाच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”

शिडीवरच्या माणसाने करवत खाली घेतली. मुकादम पायाशी पडलेल्या पानांकडे बघत राहिला. तिला झाडायला पाठवायचा निरोप त्यानेच आणला होता.

“आम्हाला ठाऊक आहे,” मावशी म्हणाली.

पेंटरने वर पाहिलं.

“सगळ्या बायकांना ठाऊक आहे, पेंटरभाऊ. छाटणी आम्ही चिंधी बघून करायचो. पाटीकडे कोण बघतंय? दरवर्षी नवी बांधायची ती. म्हणायची, पाटीचं कुणापुढे बोलायचं नाही, माझी शपथ आहे तुम्हाला. म्हणून मी नुसतं चिंधी चिंधी करत होते सकाळपासून.”

तो चिंधीवाल्या वेलीजवळ गेला. कापडाची पट्टी पावसापाण्याने विटली होती, पण चौकडा ओळखू येत होता. त्याचाच कामावरचा सदरा. एका टोकाला पांढऱ्या रंगाचा डाग होता. असे सदरे फाटल्यावर ती फडकी करते, एवढंच त्याला माहीत होतं.

त्याने वेलीचं पान दोन बोटांत धरलं. खरखरीत होतं. इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदाच चाचपलं.

मुकादमाने पेचकस पुढे केला. स्क्रू गंजले होते. कुणी मदतीला आलं नाही, त्यानेही बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने दोन्ही पाट्या निघाल्या. त्याने त्यांची अदलाबदल करून ज्या वेलीची पाटी त्या वेलीच्या खांबावर लावली. माणसं शिडी उचलून दुसऱ्या वेलीकडे गेली.

“आता ही चिंधी काढून टाकू का?” मावशीने विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “पाटीचा काही भरवसा नाही.”