झुबेदाआजीची ओळ

मित्रांनो, माझ्या अंगावरचं हे निळ्या फुलांचं झबलं बघून हसू नका. ते कुणी शिवलं हे कळलं, की तुम्हीच त्याची सुरकुती हळूच सरळ कराल. मी एक जुना टाइपरायटर आहे. दुबईत, करामाच्या एका टायपिंगच्या दुकानात, कपाटाच्या डोक्यावर बसून हल्ली मी निवृत्तीचे दिवस काढतो.

जन्म माझा मुंबईच्या कारखान्यातला, पण वाढलो देवरुखच्या टायपिंग क्लासमध्ये. तिथे दर तासाला नवी पोरं येत आणि परीक्षेचा सगळा राग माझ्यावर काढत. पुढे क्लास बंद पडला आणि तालुक्याच्या पुरवठा कचेरीतला कारकून धनंजय सुर्वे मला घरी घेऊन आला. १९८८ साली तो दुबईला निघाला, तेव्हा सामानात एक तर मी मावत होतो, नाही तर लोणच्याची बरणी. त्याने मला निवडलं. यावरून त्याची बायको, आमच्या दर्शनावहिनी, अजून त्याला टोमणे मारतात.

करामात आम्ही दोघांनी मिळून नाव कमावलं. व्हिसाचे अर्ज, नोकरीचे अर्ज, शाळेचे दाखले, सगळं माझ्या पोटातून जाई. शहराबाहेर सोनापूरच्या कामगार कॅम्पातले गवंडीसुद्धा सुट्टीच्या दिवशी बस बदलून आमच्याकडेच येत. सुर्वेंनी केलेला अर्ज परत येत नाही, असं लोक म्हणत. हे ऐकलं की माझी घंटी जरा जास्तच खणखणीत वाजे. खोटं कशाला बोलू!

धनंजयने देवरुखच्या कचेरीतून एक सवय जशीच्या तशी आणली होती. तो प्रत्येक अर्जाची कार्बन लावून दुसरी प्रत काढी आणि गिऱ्हाइकाला बजावी, "अर्ज दिलात की या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही." लोक कंटाळत, पण पोच घेत. मूळ पोच गिऱ्हाइकाला देऊन तिची झेरॉक्स तो फायलीत लावून ठेवी.

१९९८ चा ऑक्टोबर लागला होता. एका सकाळी उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीतून एक बाई आली. तिचं नाव शहरबानू. मूळची अफगाणिस्तानातल्या हेरातची. तिचा नवरा रफिक इथे गालिचे दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात तो अचानक वारला. त्याच्या व्हिसावरच सगळं घर इथे राहत होतं, ती, दोन मुलं आणि तिची म्हातारी सासू झुबेदा. रफिकच्या मालकाने खटपट करून डिसेंबरअखेरपर्यंतची मुदत मिळवून दिली होती. त्यानंतर परत जायचं, तर तिकडे युद्ध चाललेलं, आणि मुलीची शाळा कायमची बंद.

उत्तरेकडच्या एका थंड देशाने आसरा देऊ केला होता. देशाचं नाव मी सांगणार नाही, आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचे कागद फोडत नाहीत. पण त्या देशाच्या संसदेने नवा कायदा केला होता. वर्षाला नऊशे निर्वासित घ्यायचे, त्याच्यावर एकही नाही.

"भाईसाब, नौ सौ में हम चार आ जाएँगे ना?" शहरबानूने विचारलं.

"इन्शाल्ला," धनंजय म्हणाला आणि त्याने माझ्यात कागद चढवला.

बाकावर रजेचा अर्ज करून घ्यायला रामचंद्र मुकादम बसले होते. गुहागरकडचे, सोनापूरच्या कॅम्पात राहणारे. शहरबानू गेल्यावर धनंजय त्यांना म्हणाला, "मोजून माणसं घ्यायची म्हणजे काय कायदा झाला?"

"कायदा तर आमच्या खोलीतपण आहे," मुकादम म्हणाले. "आठ खाटा, आठ माणसं. नववा आला की पहिली कुरकुर मीच करतो. काय करणार, जागाच नाय. पण दारात उभा राहिला की त्याला घालवायचं पण होत नाय. मग दोन खाटा जोडतो आणि तिघं झोपतो."

मला दोघांचंही पटलं. खोली काही रबराची नसते. पण दारात उभा असलेला माणूसही काही आकडा नसतो.

आता ज्याची मला आजही लाज वाटते ते सांगतो. अर्जावर रकाने होते पती, पत्नी आणि मुलं यांचे. सासूला रकानाच नव्हता. धनंजयने क्षणभरही विचार केला नाही. पुरवठा कचेरीत त्याने दहा वर्षं रेशनकार्डं लिहिली होती, आणि रेशनकार्डाचा हिशेब सोपा असतो. एका चुलीवर जेवतात ते सगळे एका कार्डावर. त्याने शेवटच्या रकान्याखाली माझ्याकडून एक रेघ मारून घेतली आणि त्या ओळीत झुबेदाआजीचं नाव टाइप केलं. मागच्या पानावर कुटुंब म्हणजे कोण, ते बारीक अक्षरात छापलं होतं. आम्ही ते वाचलंच नाही. शहरबानूने अर्ज त्या देशाच्या अबुधाबीतल्या कचेरीत दिला, सांगितल्याप्रमाणे पोचही घेतली. तारीख होती चार ऑक्टोबर.

वीस नोव्हेंबरला अर्ज परत आला. सुर्वेंचा पहिला परत आलेला अर्ज. कायद्याने कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराखालची मुलं. सासूचा अर्ज वेगळा हवा. सोबत कायद्याची पूर्ण प्रत जोडली होती. धनंजयने ती बाजूला सारली, त्याच दिवशी दोन वेगळे अर्ज करून दिले आणि शहरबानू ते घेऊन धावली. खिडकीवरचा माणूस भला होता, पण त्याचे हात बांधलेले होते. या वर्षीचा नऊशेचा आकडा नऊ नोव्हेंबरलाच भरला, असं त्याने सांगितलं. आता हे अर्ज पुढच्या वर्षात.

पुढचं वर्ष जानेवारीत सुरू होणार होतं, आणि शहरबानूचा व्हिसा डिसेंबरमध्ये संपणार होता.

ती दुकानात आली. रागावली नाही, रडलीही नाही. नुसतं विचारलं, "अब कौन सा फॉर्म भरें?" मला वाटलं, माझ्या सगळ्या कळा गळून पडाव्यात. ते नाव मीच तर उमटवलं होतं!

दुपारी दर्शनावहिनी डबा घेऊन आल्या, बरोबर लेक अस्मी. धनंजयने डबा उघडलाच नाही. सगळं ऐकल्यावर वहिनी कडाडल्या, "अहो, ते काय रेशनकार्ड होतं?"

"आईला वगळून घर कसं लिहायचं, मला कळतच नाही गं," तो म्हणाला.

"बाबा, दॅट्स नॉट युअर फॉल्ट," अस्मी म्हणाली.

"माझाच आहे, बाळा. मागचं पान वाचलं नाही मी."

"मग आता तरी वाचा!" वहिनी म्हणाल्या. "कायद्याची आख्खी प्रत पाठवलीये त्यांनी. आणि तुमची ती लाडकी पोच? ती काय पूजेला ठेवलीये?"

धनंजय ताडकन उठला. फायलीतून पोचेची झेरॉक्स काढली, कायद्याची चौदा पानं माझ्यासमोर पसरली आणि बोट ठेवून एकेक कलम वाचू लागला. अकराव्या कलमावर त्याचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, की अर्ज दुरुस्तीसाठी परत गेला, तर त्यात नाव असलेल्या प्रत्येकाचा क्रम पहिल्या दिवशीच्या तारखेनेच धरावा. धनंजयने तीच ओळ तीनदा वाचली. चार ऑक्टोबर म्हणजे नऊ नोव्हेंबरच्या कितीतरी आधी, म्हणजे ही माणसं त्या नऊशेतलीच! खिडकीवरच्या माणसाने नवे अर्ज नवे म्हणून घेतले होते, आणि जुनी पोच दाखवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो कायदा करणाऱ्यांत नक्कीच कुणीतरी एखादा जुना कारकून असणार. माणसाच्या हातून चुका होतात हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि मित्रांनो, प्रत्येकाचा म्हणजे झुबेदाआजीचासुद्धा! त्या दिवशी धनंजय नियमाने वागून आजीला गाळून बसला असता, तर सून आणि नातवंडं गेली असती आणि म्हातारी एकटीच मागे उरली असती.

त्याने मला जवळ ओढलं. ते पत्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं पत्र. एकही खाडाखोड नाही. अकरावं कलम, चार ऑक्टोबरचा शिक्का आणि चार नावं. शेवटी त्याने एक वाक्य घातलं, की चूक टाइप करणाऱ्याची आहे, कुटुंबाची नाही. या वेळी पत्र घेऊन तो स्वतः शहरबानूबरोबर अबुधाबीला गेला. आणि अर्थातच पोच घेऊन आला.

मग वाट पाहणं सुरू झालं. शहरबानू रोज दुकानात फोन करी. धनंजय रोज एकच शब्द बोले, "अभी नहीं." मुकादम सोनापूरहून येत तेव्हा आधी आजीची चौकशी करत आणि मग आपलं काम सांगत.

डिसेंबर संपत आला होता आणि रमजानचा तिसरा दिवस होता. इफ्तारला अजून अवकाश होता. शहरबानू आली, बरोबर दोन्ही मुलं आणि काठी टेकत झुबेदाआजी. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. शहरबानूच्या हातात लिफाफा होता. तिचा चेहरा बघूनच धनंजयने आपली खुर्ची आजीपुढे सरकवली.

"चारों," ती म्हणाली. "भाईसाब, चारों."

आजीने काहीतरी विचारलं आणि सुनेने ते हिंदीत सांगितलं, "पूछ रही हैं, मेरा नाम कहाँ लिखा था?"

धनंजयने चार ऑक्टोबरची पोच पुढे केली आणि शेवटच्या रकान्याखालची ती ओळ दाखवली. आजीला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं. मग तेच बोट तिने माझ्या कळांवर टेकवलं. माझ्या आयुष्यात हजारो बोटं येऊन गेली, पण इतकं हलकं बोट पुन्हा आलं नाही.

जाण्याआधी तिने आपल्या ओढणीचं हे झबलं मला शिवून दिलं. पुढे २००१ साली दुकानात कॉम्प्युटर आला आणि मी कपाटावर चढलो. सुरुवातीला फार वाईट वाटलं. पण दर जानेवारीत त्या थंड देशातून एक कार्ड येतं, आणि धनंजय ते वाचून माझ्याच खाली ठेवतो. गेल्या वर्षी नातीने लिहिलं होतं, ती कायदा शिकते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याची धूळ झटकत जा. आणि उद्या मोठेपणी तुमच्यातल्या कुणाला देशाचा कायदा लिहायची वेळ आली, तर आकडा जरूर लिहा, तो लागतोच. फक्त शेवटच्या रकान्याखाली एक ओळ रिकामी ठेवा. तिथे कुणाची तरी आजी असते.