दोन्हीकडे छापा

आमच्या ह्यांना नीट छापलेल्या नाण्याचं कौतुकच नाही. सिंह तिरका बसलेला, कड कुरतडल्यासारखी, आकडा दुहेरी उमटलेला, असलं काही सुट्ट्या पैशांत हाती लागलं की स्वारी खूश. एकदा मी हौसेने त्यांची नाणी चिंच लावून लख्ख केली, तर माझ्याशी अबोला! घासलेल्या नाण्याची म्हणे साक्ष जाते. चुका करायच्या टांकसाळीने आणि बोलणी खायची बायकोने.

मानकोलीचा लडकू आमच्याकडे भाजी घालायचा. त्याला ह्यांचं हे वेड ठाऊक होतं. त्या दुपारी तो वार नसताना आला. नुकतीच लाईट गेली होती. आळीतले लूम बंद पडले होते, आणि भिवंडीत तसली शांतता अंगावरच येते. लडकूकडे टोपली नव्हती. कमरेची आकडी रिकामी होती, तिच्यात कोयता नव्हता. केस ओले. मी पाणी दिलं, त्याने तांब्याला हात लावला नाही.

त्याने ह्यांच्यापुढे जुना जाड रुपया ठेवला. वर सिंह होता. ह्यांनी उलटला, तर पुन्हा सिंहच.

"सायेब, ही टांकसालीची चूक हाय, का मानसाची?"

मग त्याने सगळं सांगितलं. त्याची आणि धाकट्या भावाची, नामाची, वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची पट्टी कुणाला हे ठरेना. शेवटी पंचांसमोर छापा-काटा केला. नाणं नामाच्या खिशातलं, आणि छापाही त्यानेच मागितला. पट्टी त्याला गेली, पुढे गोदामवाल्यांनी तिचं सोनं केलं. देवाचा कौल म्हणून लडकूने ते नाणं पंचांसमोरच मागून घेतलं, देव्हाऱ्यात ठेवलं, त्याला रोज हळदकुंकू वाहिलं. देवाचं नाणं कोण उलटून बघतं? आदल्या दिवशी त्याच्या बायकोने, ठमाबाईने, देव घासायला काढले तेव्हा कुठे ते उलटलं.

"नामा काय म्हणतो?" मी विचारलं.

"मला ठावं न्हाय, बोलला. टांकसालीतनंच तसा निंगाला आसंल, बोलला."

भिंग घेऊन हे खिडकीपाशी गेले. रुपया फरशीवर टाकून पाहिला, आवाज बद्द आला. मग कडेच्या आतून नख फिरवताना ते एका जागी थांबले. संसार केलाय मी ह्यांच्याशी, चेहरा मला वाचता येतो. दोन रुपये कानशीने घासून एकमेकांत बसवले होते. टांकसाळ कितीही झोपेत असली तरी असं करत नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. बांधावरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर कोयते उगारल्याचं आम्ही कमी ऐकलं होतं का? नाण्याच्या बाबतीत सासऱ्यांशीसुद्धा हुज्जत घालणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "टांकसाळीची चूक आहे, लडकू. लाखात एखादं निघतं असं. नामाचा दोष नाही."

मला हायसं वाटलं. म्हटलं, एक घर वाचलं.

लडकू उंबऱ्यावर मटकन खाली बसला.

"म्हंजी तो खराच बोलत व्हता," तो म्हणाला. "पाय धरलं व्हतं त्यानं माजं. सकाली, बांधावर. मी आयकलं न्हाय, सायेब."

मी उंबऱ्यापाशी गेले. "लडकू, नामा कुठे आहे?"

"तितंच हाय. त्याच्या बायकोला, आनंदीबाईला, आजून ठावं न्हाय."

हे धावत पुढे आले. "लडकू, ऐक! मी खोटं बोललो. जोड आहे ह्याला. फसवलंय तुला. हा बघ, इथे बघ!" त्यांनी त्याचं बोट धरून कडेवरून फिरवलं. नांगर धरून राठ झालेलं बोट ते. त्याला काय लागणार?

लडकूने हात सोडवून घेतला.

"आता माजं मन राखाया खोटं बोलू नका, सायेब," तो म्हणाला, आणि पोलीस चौकीच्या रस्त्याला लागला.