ढळांक

तीन जिने चढून अविनाश सरांनी कडी वाजवली आणि कठडा धरून दम खात उभे राहिले. दार अंबाजीने उघडलं. अकरा वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, पण खांदे अजून पाथरवटाचेच होते. त्याने लगेच ओळखलं आणि प्लास्टिकची खुर्ची पंख्याखाली ओढली. आतल्या खोलीत त्याची बायको यल्लूबाई तांदूळ निवडत होती. तिने पदर सारखा केला, चहाचं आधण ठेवलं.

अविनाश भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. हैदराबादच्या माळावर एकावर एक रचल्यासारखे जे धोंडे उभे आहेत, त्यांतला कुठला कोसळण्याच्या किती जवळ आला आहे, हे सांगणारं मोजमाप त्यांनी उमेदीत तयार केलं होतं. उतार, भेगा, टेकू, आतला आवाज, या सगळ्यांतून शंभरातला एक आकडा निघे. त्याला ते ढळांक म्हणत. ऐंशीच्या पुढे गेला की खालची वस्ती उठवून लोकांना दुसरीकडे पक्की घरं द्यायची, असं सरकारनेही मान्य केलं होतं.

अंबाजीच्या वस्तीवरच्या धोंड्याचा आकडा शहात्तर आला होता. पावसाळा तोंडावर, खाली चाळीस घरं, त्यांत लेकरंबाळं. उद्या काही झालं तर, या धास्तीने अविनाशांनी अहवालात ब्याऐंशी लिहिलं. सगळे निघाले. एकटी यल्लूबाई तीन दिवस उंबऱ्यात बसून राहिली. तिच्या दोन्ही मुली त्या धोंड्याच्या सावलीत रांगल्या होत्या. शेवटी अविनाश स्वतः समजवायला गेले. तुम्ही आपल्या हातानं मोजलं का, एवढंच तिने विचारलं. ते हो म्हणाले, आणि ती उठली.

गेल्या रविवारी ते भाचीच्या नव्या फ्लॅटवर जेवायला गेले, तर गॅलरीतून तोच धोंडा दिसला. तसूभरही हलला नव्हता. भोवती हिरवळ, पायथ्याशी दिवे. याच्यासाठीच तर इथे घर घेतलं, असं भाची कौतुकाने सांगत होती. अविनाश ताट तसंच ठेवून उठले.

हे सगळं त्यांनी अंबाजीला सांगितलं. शहात्तरचे ब्याऐंशी केले, तेही. बोलताना मांडीवरच्या रुमालाची ते पुन्हा पुन्हा घडी घालत होते. मी तुमचं घर मोडलं, असं शेवटी म्हणाले.

अंबाजी दचकला नाही.

"सर, मोजणीच्या दिवशी तुम्ही मला वर चढवलं होतं. हातोडा मारून आवाज ऐक म्हणला होता."

"हो. बद्द वाजतो, आतून फुटलाय म्हणालास."

"खणखणीत वाजत होता." त्याने आवाज खाली आणला. "थोरलीला बघायला आलेली माणसं धोंड्याखालचं घर बघून माघारी जायची. पक्कं घर मिळंल म्हणून बोललो."

त्या आवाजाचे म्हणून अविनाशांनी नऊ धरले होते. म्हणजे शहात्तरही खरे नव्हते.

चहा उतू गेल्याचा वास आला. यल्लूबाई दारातच उभी होती.

"उभाच हाय का त्यो?" तिने अविनाशांना विचारलं.

"हो."

"जवळ जाता येतंय?"

"फाटक आहे. आत सोडत नाहीत. रस्त्यावरून दिसतो."

तिने आत जाऊन गॅस बंद केला, पदराला हात पुसले. अविनाश घाईने उठले आणि गाडी खाली उभी आहे, मी नेतो म्हणाले.

"नको. बस कंची जाती, तेवढं सांगा."

ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"दिलसुखनगरला बदलायची," अंबाजी खाली बघत म्हणाला. "शेवटच्या स्टॉपला उतरून डाव्या हाताला चालायचं. चिंचेच्या पल्याड गेलं की पुरा दिसतो."

यल्लूबाई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने चपला पायांत सरकवल्या.