वाळूबाबाचा चिरा

नार नदीच्या खोऱ्यात उतरताना रस्त्याच्या डाव्या हाताला अकरा चिरे ओळीनं उभे होते. मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड, तो चिरा. जीपमधल्या पाहुण्यांना ते देव वाटायचे, उगाच हात जोडून जायचे. खोऱ्यातल्या माणसांना मात्र ती आपली बखर होती. हा पुरात गेला, ही बाळंतपणात, हा साहेबाचा मार खाऊन. चौथा वाळूबाबा. त्याला नागलीचं पीक राखताना वाघानं नेलं, त्याच्या स्वतःच्या रानातून.

ते रान आता त्याची नातसून, विधवा कुसाबाई कसत होती. कागदावर ते जंगलच होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसत असल्याचा पुरावा द्या, जमीन नावावर होईल, असा नवा कायदा आला होता. कुसाबाईचा दावा एकदा फेटाळला गेला. आता २००९च्या मार्चात फेरपाहणीला साहेब यायचे होते, आणि त्यांनीही नाही म्हटलं की जंगल खातं रानात झाडं लावायला चर खणणार, हे ठरलेलंच होतं.

"जुनं काय हाय का रानात?" गावच्या समितीतल्या धनराजनं विचारलं. "हीर, थडगं, देवाचं ठाणं?"

कुसाबाईनं रस्त्यावरच्या चिऱ्यांकडे पाहिलं. होतं की! सगळे चिरे आधी ज्याच्या त्याच्या रानातच होते, जुन्या पाऊलवाटेच्या कडेनं. शहाण्णव साली डांबरी रस्ता झाला, पाऊलवाट मोडली. पितरांना माणसांची ये-जा लागते, एकटं कसं ठेवायचं, म्हणून गावानं वाजतगाजत सगळ्यांना रस्त्यावर आणून बसवलं. इतका जीव लावायची काही गरज होती का? पण लावला.

"जिथून उचलला तिथंच ठिवायचा," ती म्हाताऱ्या दिराला, बहिरूला म्हणाली. "यात खोटं काय हाय?"

पाहणीच्या आदल्या दिवशी दोघांनी चिरा उचलला. पितराला वाटेत भुईवर टेकवायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत. रान अर्ध्या कोसावर. बहिरूच्या खांद्याला रग लागली, कुसाबाईचे हात सोलवटले, पण टेकवला नाही. रानात वाळूबाबाची जुनी जागा ओळखू येत होती, कारण तेवढ्या तुकड्यावर तेरा वर्षांत कोणी नांगर घातला नव्हता. गवत काढलं तर जुना खड्डा तसाच, आत टेकूचे धोंडे घट्ट बसलेले. चिरा नीट बसेना म्हणून बहिरूनं धोंडे पहारीनं उपसून बांधावर फेकले आणि खड्डा रुंद केला. कुसाबाईनं ताजा शेंदूर लावला, कोंबडी दिली. त्या दिवशी तिला पोटभर भाकर गेली.

साहेब तरुण होता, आवाजानं मऊ. चिऱ्याच्या बुडाशी बसून त्यानं माती चिमटीत घेतली.

"आजी, हा कधी रोवला?"

पितरासमोर खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. "काल. रस्त्यावरनं आणला. पर साहेब, आधी हितंच व्हता."

"इथं होता याची काही खूण?"

"खड्डा व्हता ना! धोंड्यांनी बांधल्याला, आजेसासऱ्याच्या वख्ताचा."

"कुठाय?"

"काल म्याच उपसला," बहिरू म्हणाला. "धोंडे तिकडं बांधावर फेकले."

साहेबानं टोपी काढून घाम पुसला. "अहो, चिरा रस्त्यावर असता तरी चाललं असतं. तो खड्डा नुसता दाखवला असता तरी मी लिहून दिलं असतं. आता ही कालची माती बघून काय लिहू?"

त्यानं 'दगड नुकताच रोवलेला' असं लिहिलं आणि खाली बहिरूचा अंगठा घेतला. बहिरूनं अंगठा दिलासुद्धा, नेहमी देतो तसा.

कुसाबाई बांधाकडे धावली. गुडघ्यांवर बसून एकेक धोंडा उचलायची, साहेबाकडे धरायची. "ह्यो बघा! ह्यो खड्ड्यातला हाय!" मग दुसरा. मग तिसरा. बांधावर शेकड्यांनी धोंडे होते, आणि त्यातला वाळूबाबाचा कुठला, हे तिचं तिलाच कळेना.

"वयनी, ऊठ," बहिरू रडत म्हणाला.

ती उठली नाही.