लाव्हिनियाबाईंची नकटी

लाव्हिनिया स्टाउटबाईंच्या मते अख्ख्या पेनसिल्व्हेनियात खानदानी घर एकच, त्यांचं. पुरावा काय, तर पणजीची लाकडी बाहुली! ती संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात बसावी आणि खाली स्टाउट हे नाव झळकावं, एवढाच बाईंना ध्यास. एकोणीसशे तीसनंतरच्या मंदीत सरकारनं आम्हा बेकार चित्रकारांना जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढायच्या कामाला लावलं होतं, म्हणून त्या बाहुलीचं चित्र काढायला मी त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसलो. बाई माझ्यासमोर काकवीचा केक हाणायच्या. घे म्हणायचं नाव नाही.

बाहुलीला नाक नव्हतं. तीन पिढ्यांच्या पोरींनी मुके घेऊन घेऊन ते पार सपाट केलेलं. मी पेन्सिलीनं रेखून, जलरंगाचे पातळ हात देत ते तसंच उतरवलं.

"अहो चित्रकार, नाक कुठंय?"

"बाहुलीला विचारा."

"एक नाक काढायला तुमच्या बापाचं काय जातं हो?"

"आहे तेवढंच काढायचा हुकूम आहे, बाई. नसतं नाक काढलं तर साहेब माझं कापेल."

तेवढ्यात त्यांची सहा वर्षांची नात, एल्वा, बाहुलीपाशी आली. बाईंनी फाटकन तिच्या हातावर मारलं. "हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं!" पोरीनं मुकाट्यानं हात पाठीमागे घेतले. मला त्या बाईची किळस आली.

पुढं चित्र प्रदर्शनात लागलं. लोक त्या सपाट चेहऱ्यापुढून हलेनात. संग्रहालयानं बाईंना निरोप धाडला, बाहुली हवी, चित्रात आहे तश्शीच.

दुसऱ्या सकाळी बाई माझ्या दारात, एका हाताला एल्वा, दुसऱ्यात बाहुली. आणि बाहुलीला नवं कोरं नाक! वर चकचकीत गुलाबी रंग.

"तुम्ही चित्राचा विचका केलात, म्हणून मी सुताराकडून बाहुली तरी नीट करून घेतली," बाई रडकुंडीला आल्या होत्या. "आता ते म्हणतात, चित्रातल्यासारखी नकटीच हवी. तासून द्या ना एवढं!"

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नाक आलं आणि लग्न मोडलं. मी पोट धरधरून हसलो.

"तासलेलं लगेच कळतं, बाई. ते मुक्यांनी झिजलं होतं. त्याला घरातलं पोर लागतं."

बाईंनी बाहुली एल्वाच्या अंगावर ढकलली. "घे गं, खेळ. चांगले मुके घे तिचे."

एल्वानं झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"हात लावायचा नाही, आज्जी," ती म्हणाली.