ललिताच्या नावचं रक्त

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला सिंगाचा पाडा. तिथे एक सोयीचा रिवाज आहे. दुखणं ओळखणाऱ्या बडव्याकडे आजारी माणसाला न्यायचं नाही. तो बिचारा आधीच आजारी असतो. त्याच्यावरून मूठभर ज्वारी ओवाळायची आणि घरातल्या धडधाकट माणसाने ती घेऊन जायचं. बडवा दाणे बघून दुखणं सांगतो. रोगी आपला खाटेवर.

सिंगाच्या लेकीला, ललिताला, सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत आणि हाडांत अशी कळ उठे की दहा वर्षांची पोर गोधडी चावायची. जळगावात, मेहरूणच्या बाजूला, एका प्रयोगशाळेत या आजाराचा जनुकातला मूळ दोषच कातरून नीट करण्याचं तंत्र तयार होत होतं. पहिल्या तुकडीसाठी रुग्ण निवडायला चोपड्यात शिबिर लागलं. नेमकं त्याच दिवशी ललिताला उभं राहवेना.

सिंगाने रीतीप्रमाणे केलं. तिच्या अंगावरून ज्वारीऐवजी आपला हात ओवाळला आणि एकटाच शिबिराला गेला. ललिताचं नाव पुकारल्यावर त्याने बाही वर केली. गर्दी एवढी, की ललिताला मिशा आहेत हे रक्त घेणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

निकाल आला, ललिताला आजार नाही. तो ऐकताना ललिता कण्हत होती.

सिंगा तिला खांद्यावर टाकून एसटीने जळगावला पोचला. प्रयोगशाळेतल्या डॉक्टर चारुलतांनी सगळं ऐकलं, ललिताला वेदनेचं इंजेक्शन देववलं, तिचं रक्तही घेतलं. पण पहिल्या तुकडीच्या जागा भरल्या होत्या. दुसरी निघेल की नाही, हे पहिलीचं काय होतं त्यावर. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की त्याने शिबिरात दिलेल्या रक्तातही अर्धा दोष दिसला होता. सिंगाला त्याचा त्रास नाही. पण त्याचा अर्धा आणि आईचा अर्धा मिळून ललिताचा आजार पुरा झाला.

सिंगा आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा बाही वर सारली.

"मनामाईनच गये ना तिले, मॅडम? मंग मनंच रंगत नीट करा. बठ्ठं ल्या. तिले आपोआप उतरी."

माझं सगळं रक्त घेऊन नीट करा म्हणणाऱ्या बापाला चारुलतांनी समजावलं. ज्याच्या शरीरात दुरुस्ती, गुण त्यालाच. बापाचं नीट केलं म्हणून जन्मलेल्या लेकीत ते उतरत नाही.

सिंगाने समजल्यासारखी मान हलवली. हात तसाच पुढे ठेवला.